स्त्रीबीज कुणाकडून आलं? क्लोनिंग संशोधनाच्या एका परवानगीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका संशोधन संस्थेच्या एथिक्स कमिटीसमोर आलेलं हे प्रकरण आहे. संस्था कुठली, माणसं कोण, हे ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय किंवा बदललंय, पण निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवलाय. मी त्या कमिटीवर बाहेरची सदस्य होते, म्हणजे डॉक्टर नाही, संशोधक नाही, संस्थेची नोकर नाही. असं एखादं माणूस कमिटीवर असावंच लागतं.

अर्ज होता माइटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर काम करणाऱ्या एका लॅबचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे छोटे भाग असतात, त्यांना माइटोकॉन्ड्रिया म्हणतात, आणि त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो जो मुलाला फक्त आईकडून मिळतो. त्यात बिघाड झाला की ज्या अवयवांना ऊर्जा जास्त लागते ते आधी थकतात, मेंदू, स्नायू, हृदय, डोळे. काही मुलं दोन-तीन वर्षांपर्यंत बरी चालतात-बोलतात आणि मग एकेक गोष्ट विसरत जातात. बहुतेकांना मूळ आजारावर इलाज नाही, त्रास कमी करता येतो एवढंच.

लॅबची कल्पना अशी होती की रुग्णाच्या त्वचेतली एक पेशी घ्यायची, एखाद्या निरोगी बाईने दिलेल्या स्त्रीबीजातलं केंद्रक (पेशीचा मुख्य डीएनए जिथे असतो तो भाग) काढून टाकायचं, आणि त्या जागी रुग्णाच्या पेशीचं केंद्रक बसवायचं. असं बीज वाढवलं की पाच-सहा दिवसांत जो भ्रूण तयार होतो त्यातून स्टेम सेल काढायच्या, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी. या पद्धतीलाच क्लोनिंग म्हणतात. या पेशींमधला मुख्य डीएनए रुग्णाचा, माइटोकॉन्ड्रिया मात्र जवळजवळ सगळे बीज देणाऱ्या बाईचे, म्हणजे निरोगी. त्यावर आजार कसा वाढतो ते पाहता येईल, औषधं तपासता येतील, आणि पुढेमागे कदाचित रुग्णाला स्वतःच्याच दुरुस्त पेशी देता येतील.

हेच तंत्र वापरून 1996 मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्माला आली होती. 277 बीजांवर प्रयोग झाला, त्यातून 29 भ्रूण मिळाले आणि कोकरू जगलं एकच. माणसाच्या बाबतीत या तंत्राने खात्रीलायक स्टेम सेल मिळाल्या त्या 2013 मध्ये, अमेरिकेत ओरेगॉनला, शूखरात मितालिपॉव यांच्या टीमला. मूल जन्माला घालायचं क्लोनिंग आणि पेशी मिळवायचं क्लोनिंग, दोन्हींच्या सुरुवातीच्या पायऱ्या सारख्याच असतात, फरक पडतो तो भ्रूण काचेच्या डिशमध्ये ठेवला की गर्भाशयात एवढ्यावर. म्हणून हा विषय निघाला की सगळे लगेच सावध होतात, आणि ते बरोबरच आहे.

ही लॅब जिथे आहे तिथल्या कायद्यानुसार पेशींसाठीच्या क्लोनिंगला लायसन्स घेऊन परवानगी आहे. भ्रूण चौदा दिवसांच्या पुढे वाढवायचा नाही आणि कुठल्याही परिस्थितीत गर्भाशयात ठेवायचा नाही, या दोन अटी ठाम आहेत.

पहिली मीटिंग

पहिली मीटिंग जवळजवळ पूर्ण "उद्या कुणी क्लोन बाळ केलं तर?" यावर गेली. वकील सदस्यांनी सगळा इतिहास मांडला. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा केला खरा, पण तो 84 विरुद्ध 34 मतांनी झाला, 37 देश तटस्थ राहिले आणि तो बंधनकारक नाही, कारण पेशींसाठीच्या क्लोनिंगवरून देशांमध्ये उभी फूट होती. ब्रिटनने 2001 मध्येच वेगळा कायदा करून क्लोन केलेला भ्रूण गर्भाशयात ठेवला तर दहा वर्षांपर्यंतची कैद ठेवली होती. चौदा दिवसांची मर्यादा कुठून आली तेही झालं, ब्रिटनच्या वॉरनॉक कमिटीने 1984 मध्ये ती सुचवली, कारण साधारण त्या सुमाराला भ्रूणावर पहिली रेघ उमटते, म्हणजे शरीराची घडण सुरू होते, आणि त्यानंतर त्याचे दोन होऊन जुळं होण्याची शक्यता संपते.

मुख्य संशोधक सर तयारीनेच आले होते. भ्रूणांचं रजिस्टर कसं ठेवणार, फ्रीझरला दोन चाव्या, त्या दोन वेगळ्या विभागांकडे, लॅबमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडायची नळी किंवा तसलं कुठलंही साहित्य असणार नाही, प्रत्येक भ्रूणाचा शेवट कसा झाला याची नोंद दोन सह्यांनी. खरंच चांगलं काम होतं ते, आणि आम्ही सगळे खूश झालो.

स्त्रीबीजं कुठून येणार यासाठी अर्जात एक परिच्छेद होता. "संलग्न फर्टिलिटी सेंटरमार्फत, स्वेच्छेने, मोबदला न घेता दान करणाऱ्या, ओळख गुप्त ठेवलेल्या महिला." कुणीतरी विचारलं, खर्च देणार का, सर म्हणाले प्रवास आणि बुडालेल्या कामाचा तेवढा देणार, आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. परवानगी मिळाली.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. या प्रयोगात भ्रूणाला पाच-सहा दिवसांचं आयुष्य आहे आणि त्याच्यासाठी दोन चाव्या, दोन सह्या, रजिस्टर आहे. आणि ज्या बाईच्या पोटात सुई जाणार आहे तिच्यासाठी एक परिच्छेद.

प्रॉब्लेम काय झाला

फर्टिलिटी सेंटरमध्ये एक कोऑर्डिनेटर सिस्टर होत्या. दान करणाऱ्या प्रत्येक बाईची फाइल त्या सांभाळायच्या, इंजेक्शनच्या वेळा, सोनोग्राफीच्या तारखा, घरी कुणाला फोन करायचा वगैरे. लॅबला फाइलमधलं नाव कधीच कळायचं नाही, फक्त नंबर जायचा. एका फाइलमध्ये त्यांना पत्ता दिसला तो संस्थेच्याच रिसर्च हॉस्टेलचा. आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये घरचा माणूस नव्हता, दुसरी एक मुलगी होती आणि तिचा पत्ताही तोच. सिस्टरनी काही आरडाओरडा केला नाही, थेट कमिटीच्या सचिवांना फोन केला, हे असं चालतं का म्हणून विचारलं.

ती मुलगी त्याच लॅबमधली पीएचडीची विद्यार्थिनी निघाली, वय 26. तिचे गाइड म्हणजे अर्ज करणारे सरच. सरांना हे माहीत होतं का? त्यांचं म्हणणं, नव्हतं, ओळख गुप्त होती ना, मग कसं कळणार. मुलीचं म्हणणंही तेच, मी कुणालाच सांगितलेलं नाही, माझी मी गेले. दोघंही खरं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्यात भर म्हणजे तिची सायकल, म्हणजे बीजं काढण्याआधीचा इंजेक्शनांचा कोर्स, सुरू झाली होती. स्त्रीबीज दान करणं म्हणजे रक्तदान नाही हे अजून पुष्कळ लोकांना माहीत नसतं. साधारण दहा-बारा दिवस रोज पोटावर हॉर्मोनची इंजेक्शनं घ्यायची, म्हणजे महिन्याला एक बीज तयार होतं त्याऐवजी एकदम अनेक तयार होतात. मधेमधे सोनोग्राफी. मग एक शेवटचं इंजेक्शन, ट्रिगर म्हणतात त्याला, आणि त्यानंतर साधारण 36 तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुई घालून बीजं शोषून काढायची. बहुतेक बायकांना पोट फुगणं, दुखणं एवढ्यावर निभावतं. पण काहींची अंडाशयं फारच सुजतात, पोटात पाणी जमतं, श्वास लागतो, आणि क्वचित रक्ताच्या गुठळ्या होण्यापर्यंत जातं. तरुण मुलींना हा धोका जास्त, आणि हिच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना बीजं भरपूर दिसत होती. ट्रिगरला दोन-तीन दिवस उरले होते.

तिचं म्हणणं

कमिटीने तिला भेटायचं ठरवलं, आणि हा निर्णय चांगला होता कारण नाहीतर आम्ही तिच्याबद्दल तिच्यामागेच ठरवून मोकळे झालो असतो. सर नाहीत, लॅबमधलं कुणी नाही, फक्त मी आणि कमिटीवरच्या डॉक्टर मॅडम. मुलगी शांत होती आणि चिडलेली होती.

ती म्हणाली, "मॅडम, मी सज्ञान आहे. उद्या मी माझ्या बहिणीला किडनी दिली तर तुम्ही माझं कौतुक कराल. इथे मला धोका काय आहे ते तुमच्या फॉर्ममध्ये लिहिलंय त्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाहेरून जी बाई येते तिला तुम्ही फॉर्म वाचून दाखवता आणि तिची संमती चालते, आणि मला सगळं कळतं म्हणून माझी चालत नाही?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. डॉक्टर मॅडमनी तिला वेगळंच विचारलं, "तू मधेच नको म्हणालीस तर लॅबमध्ये कुणाला कळेल?" ती म्हणाली, "लगेच कळेल. या आठवड्यात एग्ज येणार म्हणून सगळ्यांनी सुट्ट्या रद्द केल्यात. मी पण तयारीतच होते."

म्हणजे काय होतं बघा. नंबर गुप्त असूनही तिला माहीत होतं की त्या दिवशी लॅबमध्ये येणारा डबा तिचाच आहे. तिचा स्वतःचा थीसिस त्या बीजांवर उभा होता. तिच्यावर कुणी दबाव आणला नव्हता हे खरं, पण तिला नाही म्हणायला जागाही नव्हती, आणि ही जागा कुणी मुद्दाम काढून घेतलेली नसते, ती आपोआप गेलेली असते.

आधी कुठे असं झालंय

इथे वकील सदस्यांनी कोरियाचं प्रकरण काढलं आणि ते काढायलाच हवं होतं. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांनी 2004 आणि 2005 मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये दोन पेपर छापले, मानवी क्लोनिंगमधून स्टेम सेल मिळाल्याचा दावा होता. ते तिथे राष्ट्रीय हिरो झाले. 2004 मध्येच 'नेचर'ने बातमी दिली होती की त्यांच्या लॅबमधल्या ज्युनिअर मुलींनी बीजं दिलीत असं दिसतंय. ते नाकारलं गेलं आणि दीड वर्ष गेलं. नोव्हेंबर 2005 मध्ये त्यांचे अमेरिकन सहकारी जेराल्ड शॅटन यांनी बीजांच्याच मुद्द्यावरून संबंध तोडले, मग ह्वांग यांना कबूल करावं लागलं, आणि त्या धाग्यावरून पुढे सगळंच उसवलं. पेशी खोट्या, डेटा खोटा, दोन्ही पेपर जानेवारी 2006 मध्ये मागे घेतले गेले. चौकशीत कळलं की बायकांकडून दोन हजारांवर बीजं घेतली होती, पेपरमध्ये सांगितल्याच्या कितीतरी पट. त्यातून क्लोनिंगची एकही खरी पेशीरेषा, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवता येणारा एकाच मुळाच्या पेशींचा साठा, निघाली नाही. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो खोटेपणा. मला वाटतं पहिला इशारा बीजांचाच होता आणि तो दीड वर्ष कुणी मनावर घेतला नाही.

आमचे सर म्हणाले, माझी तुलना त्यांच्याशी करू नका. बरोबर होतं त्यांचं, त्यांनी काही खोटं केलं नव्हतं. पण तिथल्या आणि इथल्या मुलीची परिस्थिती मात्र सारखीच होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, तिला करू द्यायचं, फक्त नव्याने संमती घ्यायची, स्वतंत्र माणसाकडून. याच्या बाजूने वकील सदस्य होते. त्यांचा आधार हेलसिंकी जाहीरनाम्याचा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी जागतिक वैद्यकीय संघटनेने केलेल्या नैतिक तत्त्वांचा. संशोधनात भाग घेणारी व्यक्ती संशोधकावर अवलंबून असेल तर तिला बंदी नाही, संमती मात्र त्या नात्याबाहेरच्या जाणकार माणसाने घ्यावी, असं त्यात आहे. म्हणजे कायद्याने आणि जाहीरनाम्याने आम्ही तिला अडवलंच पाहिजे असं नव्हतं. हा पर्याय आम्ही हसण्यावारी नेला नाही, खूप वेळ त्यावरच बोललो. शेवटी तो पडला तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे स्वतंत्र माणसाने संमती घेतली तरी तो माणूस तिचा थीसिस काही वेगळा करू शकत नाही. दुसरं, आज हिला हो म्हटलं की उद्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलीसमोर तो प्रश्न न विचारताच उभा राहणार. हिने दिलं, तू?

दुसरा पर्याय, फक्त हिला थांबवायचं आणि बाकी तसंच चालू ठेवायचं. हे सगळ्यात सोपं होतं, सरांनाही मान्य होतं. पण मग अर्जातला तो परिच्छेद तसाच राहिला असता.

तिसरा, सगळा प्रोजेक्टच थांबवायचा. एका सदस्याचं तेच मत होतं, त्यांचा मुळात भ्रूण बनवायलाच विरोध होता आणि तो त्यांनी पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे मांडला होता. बाकीच्यांना ते पटलं नाही, आजारी मुलं डोळ्यांसमोर होती.

चौथा, बीजांचा स्रोत बदलायचा. आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर बीज फलित करायच्या उपचारात) फलित न झालेली, टाकून द्यायची बीजं वापरायची म्हणजे कुणाला वेगळी इंजेक्शनं नकोत. ऐकायला छान, पण अशी शिळी बीजं या कामाला फारशी चालत नाहीत हे बऱ्याच लॅबनी करून पाहिलंय. दुसरा प्रकार म्हणजे आयव्हीएफ करणारी बाई आपली काही ताजी बीजं देते आणि तिला उपचाराचा खर्च कमी लागतो, ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला याला 2006 मध्ये परवानगी मिळाली होती. डॉक्टर मॅडमचा याला ठाम विरोध होता. ज्या बाईला स्वतःलाच मूल हवंय तिच्याकडची बीजं पैशाच्या सवलतीवर काढून घ्यायची आणि तिलाच दिवस राहिले नाहीत तर?

पैसे द्यायचे का, हाही प्रश्न निघाला. यावर जगात एकमत नाही. कॅलिफोर्नियाने सरकारी निधीतल्या स्टेम सेल कामासाठी खर्चापलीकडे पैसे द्यायला मनाई केली, न्यूयॉर्कने 2009 मध्ये संशोधनासाठी बीजं देणाऱ्यांना मोबदला द्यायला परवानगी दिली. माझं स्वतःचं मत या काळात थोडं बदललं. आधी वाटायचं पैसा आला की शोषण आलं. पण फुकट मागितलं की कोण देतं? जवळची देतात, भारावलेली देतात, ज्यांना नाही म्हणता येत नाही ती देतात. कमिटीने मोबदला नको असंच ठरवलं, मी मात्र वेगळं मत नोंदवलं की बुडालेला वेळ आणि सोसलेला त्रास याची रीतसर भरपाई असावी.

एक प्रश्न जो आधीच विचारायला हवा होता

या चर्चेत बाहेरच्या एका तज्ज्ञांचं मत मागवलं होतं आणि त्यांनी एकच प्रश्न पाठवला. सगळ्या रुग्णांसाठी क्लोनिंग हवंय का?

त्यामागचं कारण असं. 2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदरांमध्ये आणि पुढच्या वर्षी माणसांमध्ये दाखवलं की त्वचेच्या पेशीलाच मागे नेऊन स्टेम सेलसारखं करता येतं, स्त्रीबीज नको, भ्रूण नको. त्यांना आयपीएस पेशी म्हणतात. मग माइटोकॉन्ड्रियाच्या आजारात त्या का नाही वापरायच्या? कारण रुग्णाचीच पेशी घेतली तर बिघडलेले माइटोकॉन्ड्रियाही तिच्यासोबत येतात, हा लॅबचा युक्तिवाद आणि तो खरा आहे. पण अर्धाच. पुष्कळ रुग्णांमध्ये सगळे माइटोकॉन्ड्रिया बिघडलेले नसतात, चांगले-वाईट मिसळलेले असतात. अशांच्या पेशींपासून आयपीएस पेशी बनवल्या तर काही पेशीरेषा चांगलेच माइटोकॉन्ड्रिया घेऊन निघतात, त्या निवडून घ्यायच्या. मितालिपॉव यांच्याच टीमने 2015 मध्ये हे दाखवलं होतं. ज्यांचे सगळेच माइटोकॉन्ड्रिया बिघडलेले आहेत त्यांच्यासाठीच क्लोनिंगला पर्याय उरत नाही.

सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी अर्जात सगळे रुग्ण एकत्र धरले होते कारण एकच पद्धत सगळ्यांना वापरली की तुलना नीट होते. संशोधक म्हणून हे बरोबर होतं. पण त्या नीट तुलनेची किंमत बायकांच्या अंगावर पडत होती आणि हे त्या कागदावर कुठे दिसत नव्हतं.

काय केलं

सगळ्यात आधी ट्रिगरचा प्रश्न, कारण वेळ नव्हता. इथे कमिटी एक गोष्ट अगदी जपून वागली. तिचं शरीर हा आमचा विषय नाही, ती बीजं काढून घ्यायची की सायकल थांबवायची हे ती आणि तिची डॉक्टर ठरवणार. आमच्या हातात एवढंच होतं की ती बीजं या संशोधनात घ्यायची की नाही. तर त्याच संध्याकाळी पत्र दिलं की घेतली जाणार नाहीत. सोबत हेही लिहिलं की तिला बीजं काढून स्वतःसाठी गोठवून ठेवायची असतील तर तो खर्च आणि पुढची तपासणी संस्था करेल, कारण ती इथपर्यंत आली ती आमच्या परवानगीतल्या त्रुटीमुळे. सेंटरच्या डॉक्टरांनी तिला समजावलं की ट्रिगर दिलं नाही तर त्रास व्हायचा धोका बराच कमी होतो, आणि घ्यायचंच असेल तर सूज कमी आणणारं दुसऱ्या प्रकारचं ट्रिगर वापरता येईल. तिने इंजेक्शनं थांबवली. आमच्यावरचा राग तिने लपवला नाही.

मग अर्ज परत पाठवला. रुग्ण दोन गटांत करा, मिश्र माइटोकॉन्ड्रियावाल्यांसाठी आयपीएस, क्लोनिंग फक्त उरलेल्यांसाठी. लॅबमधली, त्या विभागातली किंवा सेंटरची कुठलीही बाई बीज देणार नाही, आणि हे सेंटरने तपासायचं, लॅबने नाही. संमती दोन भेटींत घ्यायची, मधे काही दिवस जाऊ द्यायचे, आणि ती घेणाऱ्या माणसाचा लॅबशी संबंध नसावा. फॉर्ममध्ये पहिल्याच पानावर साध्या भाषेत, याचा तुम्हाला काहीही फायदा नाही, आणि आत्ता कुठल्या रुग्णालाही नाही. एका बाईकडून एकदाच. आणि बीज दिल्यानंतर तिची तब्येत कशी आहे याचं रजिस्टर, भ्रूणांच्या रजिस्टरला लागूनच.

विद्यार्थिनीला दुसरे को-गाइड दिले आणि तिच्या थीसिसचा मोठा भाग आयपीएस पेशींवर वळवला.

पुढे काय झालं

काम बरंच लांबलं. सरांनी कमिटीवर लेखी नाराजी नोंदवली, तुमच्यामुळे दुसऱ्या लॅब पुढे गेल्या असं त्यात होतं, आणि ते पत्र रेकॉर्डवर आहे. आयपीएसवाल्या गटात चांगल्या पेशीरेषा मिळाल्या, त्यावर औषधांची तपासणी सुरू आहे. क्लोनिंगच्या गटात बाहेरच्या मोजक्याच बायकांनी बीजं दिली, काही भ्रूण चार-पाच दिवसांपर्यंत वाढले, स्टेम सेल अजून मिळालेल्या नाहीत. जास्त बीजं असती तर मिळाल्या असत्या का, कदाचित हो. ज्या मुलांचे सगळे माइटोकॉन्ड्रिया बिघडलेत त्यांच्या आईवडिलांना हे सांगावं लागतं, आणि आम्ही ते थोड्या जणींच्या सुरक्षेसाठी लांबवलं हे त्यांना पटेलच असं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही कदाचित पटलं नसतं. तरी निर्णय हाच बरोबर होता असं मी म्हणते, कारण त्या मुलांच्या नावाने दुसऱ्या कुणाला सुई टोचायची तर तिला मोकळेपणाने नाही म्हणता आलं पाहिजे.

मुलीने पीएचडी पूर्ण केली. नंतर एकदा भेटली तेव्हा म्हणाली की मला तुमचं अजूनही पटलेलं नाही, पण माझ्यानंतर आलेल्या मुलीला कुणी विचारलं नाही हे बरं झालं.

काय वेगळं करता आलं असतं

बीजं किती लागणार, कुणाची, आणि ती न लागता काम होईल का, हे तीन प्रश्न पहिल्या मीटिंगला पहिले यायला हवे होते, भ्रूणाचे नंतर. क्लोन बाळाची भीती खरी आहे पण तिच्यावर कायदे आहेत, शिक्षा आहे, सगळ्या जगाचं लक्ष आहे. बीज देणाऱ्या बाईवर लक्ष ठेवायला त्या खोलीत आम्हीच होतो.

सिस्टरना सायकल सुरू झाल्यावर पत्ता दिसला तो योगायोगाने. संस्थेशी संबंध आहे का हा साधा प्रश्न नोंदणीच्या फॉर्मवर असता तर त्या मुलीला एकही इंजेक्शन घ्यावं लागलं नसतं.

आणि ओळख गुप्त ठेवली की दबाव गेला असं आम्ही धरून चाललो. गुप्ततेमुळे गाइडला कळत नाही, पण देणारीला सगळं कळतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. क्लोनिंगच्या गटातल्या एका मुलाच्या आईने स्वतःची बीजं द्यायची तयारी दाखवली. तिला समजावून सांगावं लागलं की आजार माइटोकॉन्ड्रियातून, म्हणजे तिच्याच बाजूने आलाय, तिची किंवा तिच्या बहिणीची बीजं घेतली तर तोच बिघाड परत येणार. हे सांगणं फार अवघड असतं, कारण ते ऐकताना प्रत्येक आईला फक्त "तुझ्यामुळे" एवढंच ऐकू येतं. मग काही आठवड्यांनी त्या मुलाच्या आत्याचा अर्ज आला. आत्याचे माइटोकॉन्ड्रिया वेगळे, शास्त्राच्या बाजूने काहीच अडचण नाही. ती लॅबमधली नाही, म्हणजे आमच्या नव्या नियमातही ती बसते. पण त्या घरात ती नाही म्हणू शकते का? डॉक्टर मॅडमचं म्हणणं, घरच्या माणसाने देणं आणि विद्यार्थिनीने देणं सारखं नाही, आत्याला भाच्यासाठी करावंसं वाटणं हे तिचं स्वतःचं असू शकतं. मला तेही पटतं. आत्ता एवढंच ठरलंय की संमती घेणाऱ्या बाई तिला एकटीला, भाऊ-वहिनी सोबत नसताना दोनदा भेटणार, आणि ती नको म्हणाली तर घरी तब्येतीच्या कारणाने बसत नाही एवढंच कळवलं जाईल. पहिली भेट पुढच्या महिन्यात आहे.